चौदा महिन्यांनी सेल्फ मारला तेव्हा

4 डिसेंबर 2022 ला आमच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन चेन-पुलीला लटकवून बाहेर काढलं आणि 11 फेब्रुवारी 2024 ला, रविवारी दुपारी, ते पुन्हा सुरू झालं. या चौदा महिन्यांत मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती पहिल्या स्टार्टची. खोलताना काही चुकलं तर परत खोलता येतं, बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ती नळी, बिघडला तर आतलं अस्तर, लायनर, बदलता येतो. पण बांधलेलं इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरतं तेव्हा तेल वेळेत पोचलं नाही, तर वर्षभराची मेहनत आणि पैसा दोन मिनिटांत जातो. त्या दिवसाआधी मला कुणीतरी बसवून सगळं सांगायला हवं होतं, असं फार वाटलं. म्हणून हे लिहितेय.

गाडी बाबांची, जून 1978 मध्ये पासिंग झालेली, जुन्या तीन अक्षरी नंबरची. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. 2019 पासून ती गोठ्याच्या शेडमध्ये उभी होती. शेवटी शेवटी ती पेट्रोलइतकंच तेल पीत होती, निळा धूर सोडायची आणि चढावर दम टाकायची. मी बँकेत हिशेब बघते, हातात पाना धरायची सवय नाही. पण बाबांची तब्येत ढासळायला लागली आणि ते रोज संध्याकाळी शेडकडे बघत बसायला लागले, तेव्हा ठरवलं.

मिस्त्रीकाका मिळाले हे माझं नशीब. मुंबईत पंचवीस-तीस वर्षं टॅक्सीची इंजिनं बांधून ते गावी परतले होते. मजुरी त्यांनी सुरुवातीलाच सांगितली, 15,000, आणि अट घातली, "ताई, शेजारी उभं राहायचं. प्रत्येक नट कुठनं निघाला ते लिहून ठेवायचं." मी वही केली. प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. चौदा महिन्यांनी एकही नट उरला नाही, तो त्या वहीमुळे.

इंजिन खोलल्यावर कळलं की आधी दोनदा बोअर झालाय आणि आता आणखी कापायला जागा नाही. बोअरिंगवाल्यानं सुचवलं, दुसरा ब्लॉक आणा, भंगारात लगेच मिळेल, दोन दिवसांत काम. इथे थांबून विचार करा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला नंबर जुळत नाही, आणि मग आरटीओची परवानगी, दुसऱ्या ब्लॉकची कागदपत्रं, नोंद बदलणं, असं सगळं मागे लागतं. आम्ही आमचाच ब्लॉक ठेवला. चारही सिलिंडरना लायनर टाकून बोअर परत मूळच्या 68 मिलिमीटरवर आणला. बोअरिंग, लायनर आणि होनिंग (बोअर आतून घासून नेमक्या मापाला आणणं) मिळून 7,200 रुपये, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंडिंग 2,800. स्टँडर्ड मापाचे पिस्टन आणि रिंगा यायला अकरा आठवडे लागले, 9,400 रुपये. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर फायनल करू देऊ नका. प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनवर मोजून होन करायचा असतो.

हेडनं, सिलिंडरवरच्या झाकणानं, खरा वेळ खाल्ला. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं साधं पाणी घातल्यामुळे पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या गेल्या होत्या. आर्गन वेल्डिंग करून बघितलं, प्रेशर टेस्टला परत गळलं. पावसाळा त्यातच गेला. शेवटी 4 नोव्हेंबर 2023 ला मी आणि काका कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानांत. आदल्याच सोमवारी, 30 ऑक्टोबरला, मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली होती. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. ज्या कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत आमची गाडी तयार झाली, त्याच कुर्ल्यात तिच्यासाठी टॅक्सीचं हेड शोधत फिरताना काका फार बोलत नव्हते. एका दुकानात त्यांनी सहा हेड उलटीपालटी केली, प्रत्येकाच्या पाण्याच्या वाटेत करंगळी घालून बघितली आणि सातवं घेतलं. 5,500 रुपये. व्हॉल्व्ह, गाइड आणि फेसिंगचे आणखी 4,900. मजुरीसकट सगळा हिशेब 61,900 वर गेला.

आता मूळ विषय.

पहिल्या स्टार्टची तयारी खरं तर बांधतानाच सुरू होते. बेरिंगांना, कॅमच्या लोबना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या उंचवट्यांना) असेंब्ली ल्यूब, म्हणजे बांधताना लावायचं वंगण, भरपूर लावायचं, कारण तेलाचं प्रेशर येईपर्यंत तेवढाच आधार असतो. ऑइल पंप बसवण्याआधी त्यात तेल किंवा व्हॅसलीन भरायचं असतं. कोरडा पंप चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पेटीतून, तेल ओढून घेऊ शकत नाही, हवेतच फिरत बसतो. आम्ही पंप तेलात बुडवून बसवला होता, पण त्यानंतर इंजिन पाच आठवडे स्टँडवर उभं राहिलं. तेल निथळून गेलं असणार, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

10 फेब्रुवारी, शनिवार. इंजिन गाडीत बसलं होतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाकले होते, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनं रबर फुगतं आणि चिरतं. टाकीतला गंज काढून पाच लिटर ताजं पेट्रोल घातलं. त्यासाठी लोखंडी कॅन न्या, बहुतेक पंप प्लास्टिकच्या कॅनमध्ये देत नाहीत. रेडिएटरमध्ये या वेळी कूलंट. इंजिनात 20डब्ल्यू-50 साधं मिनरल तेल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. सिंथेटिक पहिल्या तेलाला नको, रिंगा बोअरला नीट बसायला थोडं घर्षण लागतं. दोन किलोचा पावडरचा अग्निशामक आणि ओलं पोतं गाडीच्या डाव्या बाजूला हाताशी. पोतं काकांच्या सवयीचं, अग्निशामक माझ्या.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली. चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली. प्लग नसले की कॉम्प्रेशन नसतं, बेरिंगांवर भार येत नाही आणि सेल्फवर इंजिन हलकं फिरतं. उद्देश एकच, पेटवायच्या आधी तेल वरपर्यंत पोचवणं. काकांच्या शब्दांत, "आधी तेल, मग आग." पंधरा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती. सेल्फची मोटर तापते, सलग मारू नका.

डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझला नाही.

पंधरा सेकंद. परत पंधरा. सहा वेळा झालं. दिवा तसाच. काका खाली वाकून गळती बघून आले, कोरडं. तेल आहे, पंप आहे, दिवा जळतोय. माझ्या पोटात गोळा आला. चेंबर परत उतरवायचा म्हणजे इंजिन परत उचलायचं. काकांनी हात पुसले, चहा मागवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंपाचं पाणी उतरलंय." विहिरीच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह गळून पाणी उतरतं, तसं. आणि उपायही तोच, वरून भरायचं. ब्लॉकवरचा ऑइल प्रेशरचा स्विच काढला. त्या भोकातून तेलाच्या पिचकारीनं हळूहळू तेल आत सोडलं आणि मी इंजिन उलटं फिरवत राहिले, चौथाई-चौथाई. म्हणजे तेल वाटेतून मागे पंपापर्यंत जातं. जवळजवळ पाव लिटर आत गेलं. स्विचच्या जागी आदल्या आठवड्यात 900 रुपयांना आणलेला काट्याचा प्रेशर गेज लावला.

परत सेल्फ. पहिले पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग काटा थरथरला, पडला, परत उठला आणि 30 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) जाऊन टेकला. काकांनी रॉकरांचं, म्हणजे वरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचं, कव्हर उघडंच ठेवलं होतं. मी बॅटरीच्या उजेडात बघत होते. पहिल्या रॉकरवर एक थेंब गोळा झाला, फुगला, आणि खाली ओघळला. मग दुसऱ्यावर. आठही रॉकर एकेक करून ओले होताना मी बघितले. हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका, कितीही घाई असली तरी. दिव्यावर एकट्यावर विसंबू नका, गेज लावा. नऊशे रुपयांत मला रात्रीची झोप मिळाली.

इथे आमचा एक वाद झाला, तोही सांगते, कारण तो तुमच्याकडेही होणार. काकांचं म्हणणं, नवं इंजिन सुरू झालं की स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर न दाबता, ठेवायचं, दोन तास, रेस अजिबात मारायची नाही. सगळे जुने मिस्त्री हेच सांगतात. मी जे वाचलं होतं ते उलटं होतं. कॅम आणि टॅपेट (कॅमचा धक्का झेलणारे भाग) आमच्यासारखे नवे असतील तर पहिली वीस मिनिटं इंजिन दीड ते दोन हजार आरपीएमवर ठेवायचं, स्लोवर सोडायचं नाही. कॅमच्या लोबला तेल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकवरून उडणाऱ्या तुषारांतून. स्लोवर क्रँक हळू फिरतो, तुषार कमी, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब मात्र पूर्ण. लोब आणि टॅपेट एकमेकांना घासून अर्ध्या तासात झिजू शकतात. काकांनी ऐकून घेतलं. बराच वेळ जुना कॅम हातात घेऊन त्याच्या लोबवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टॅक्सीला आम्ही नवा कॅम कधी टाकलाच नाही. जुना जुन्याबरोबर बसलेला असायचा. म्हणून स्लोवर चालून जायचं." मला हे फार महत्त्वाचं वाटलं. त्यांचा नियम चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या परिस्थितीचा होता. तुमचा कॅम आणि टॅपेट जुनेच, आपापल्या जागी परत बसवलेले असतील, तर ही वीस मिनिटांची गरज तेवढी नाही. पद्मिनीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून प्लगच्या वायरला चिमटा लावून वाचणारा एक साधा मीटर 650 रुपयांना मागवला होता.

दुपारी सव्वाबारा. बाबांना खुर्ची टाकून अंगणात बसवलं. एसी पंपाची, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची, हातानं मारायची दांडी पंधरा-वीसदा मारून कार्बोरेटर भरला. चोक ओढला. सेल्फ.

इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. परत. आणि मग कार्बोरेटरमधून फाट्‌कन आवाज झाला, एअर क्लीनर काढलेला होता त्या तोंडातून पिवळी ज्योत वीतभर वर आली आणि विझली. मी पोतं टाकलं. आई ओसरीवरून ओरडली. काही जळलं नव्हतं, पण माझे हात थरथरत होते आणि पुढची दहा मिनिटं मी गाडीला हात लावला नाही. एअर क्लीनर नसताना कार्बोरेटरच्या तोंडावर वाकून बघू नका. मी त्याआधी दोनच मिनिटं तेच करत होते.

चूक माझी होती. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी लावलं होतं. पुलीवरची खूण जुळवली, पहिला पिस्टन वर आला, प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी 1-3-4-2 क्रमानं लावल्या. पण पहिला पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकून. पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते. मी दुसरी वेळ धरली होती. म्हणजे करंट बरोबर उलट्या वेळी येत होता, इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना.

हे ओळखायची सोपी युक्ती काकांनी शिकवली आणि ती मी आयुष्यभर विसरणार नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायला लावला, म्हणाले, "अंगठा दाबून धर." ते पुढून हँडल हळूहळू फिरवायला लागले. आधी अंगठा आत ओढला गेला. मग काहीच नाही. मग आतून दाब यायला लागला, वाढत गेला, मी जोर लावून धरलं तरी अंगठ्याच्या कडेनं हवा फुस्‌ करून सुटली आणि अंगठा ढकलला गेला. तीच वेळ. आता पुलीची खूण जुळेपर्यंत फिरवलं आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. रोटरचं तोंड चौथ्या सिलिंडरच्या वायरीकडे होतं. डिस्ट्रिब्युटर उपटायची गरज नव्हती. टोपीवर पहिल्याची वायर चौथ्याच्या जागी, चौथ्याची पहिल्याच्या, दुसऱ्या आणि तिसऱ्याची अदलाबदल. पाच मिनिटांचं काम.

एक वाजून वीस मिनिटं. चोक, सेल्फ. दुसऱ्या फेरीला पेटलं.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा होता, कारण सायलेन्सरचा पुढचा जोड सैल होता. मी अ‍ॅक्सिलेटरवर पाय ठेवून 1,800 धरले. काका गेजसमोर, 50 पीएसआय. लगेच धूर सुरू झाला, मॅनिफोल्डवरून (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरून), जोडांवरून, मागून. घाबरू नका. मॅनिफोल्डवरचा रंग, हाताचं ग्रीस, बांधताना लावलेलं तेल हे सगळं जळतं. आमच्याकडे दहा-बारा मिनिटांत बाहेरचा धूर निवळला आणि मागचा पांढरा विरळ झाला. लक्ष ठेवायचं ते तीन गोष्टींवर, तेलाचा काटा, पाण्याचं तापमान आणि गळती. सातव्या मिनिटाला खालच्या पाण्याच्या पाइपातून थेंब पडायला लागले. काका पाना घेऊन वाकणार होते, मी इंजिन बंद केलं. चालू पंख्याजवळ हात घालायचा नाही, पाच मिनिटं थांबलं तर काही बिघडत नाही. क्लिप आवळली, परत सुरू केलं, उरलेली तेरा मिनिटं पूर्ण केली. 1,500 ते 2,000 मध्ये खालीवर करत राहायचं, एकाच आकड्यावर धरून ठेवायचं नाही.

वीस मिनिटांनी पाय काढला. इंजिन स्लोवर आलं, गेज 35 वर. बाबा खुर्चीतून उठले, काठी टेकत आले, खिडकीतून हात घालून चोक पूर्ण आत ढकलला आणि म्हणाले, "आता कशाला ओढून ठेवलायस?" मी विसरूनच गेले होते. इंजिनाचा सूर लगेच बदलला.

त्याच संध्याकाळी तेल गरम असतानाच काढलं. वीस मिनिटांचं तेल फेकायला जीव होत नाही, पण काढाच. पांढऱ्या ताटात ओतून उन्हात बघितलं. करडी झाक, चुंबकाला बारीक लोखंडी लव, हे ठीक. तांब्याच्या किंवा रुपेरी रंगाचे तुकडे दिसले असते तर बेरिंग उघडावं लागलं असतं. नाही दिसले. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमानं परत टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळले, आणि टॅपेटचं अंतर पुन्हा लावलं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून थंड झालं की गॅस्केट बसतं आणि बोल्ट किंचित सैल पडतात. आमचे दहापैकी चार तरी पाव फेरी फिरले.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीची मुदत 18 जून 2023 ला, इंजिन बाहेर असतानाच, संपली होती. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून फॉर्म 25 भरता येतो, पण गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि आमची चालत नव्हती. 4 मार्च 2024 ला अर्ज केला. तीन अक्षरी नंबर असल्यामुळे जुनी नोंद ऑनलाइन दिसत नव्हती. मूळ आरसी बुक, जुन्या कराच्या पावत्या आणि बाबांचा आधार घेऊन गेल्यावर खिडकीवरच्या बाईंनी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यायला सांगितली, त्यात सोळा दिवस गेले. नूतनीकरणाची फी तेव्हा, 2024 मध्ये, 5,000 होती, नऊ महिन्यांच्या उशिराचे पैसे वेगळे, शिवाय पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी आधी लागतं. गाडी टेम्पोवर चढवून नेली, मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नव्हती. निरीक्षकांनी चेसिस नंबरचा पेन्सिलीनं ठसा घेतला, इंजिन नंबर बुकाशी ताडून बघितला. तो जुळला तेव्हा त्या बोअरिंगच्या दुकानात आपण ब्लॉक बदलला नाही याचं फार बरं वाटलं. पुढची पाच वर्षं मिळाली.

तोपर्यंतचं रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, शेतातल्या कच्च्या वाटेवर झालं. कमी वेग, पण एकाच वेगात नाही, थोडा भार द्यायचा, सोडायचा, इंजिन कण्हेल असं टॉप गिअरमध्ये ओढायचं नाही. एप्रिलपासून रस्त्यावर. आज 412 किलोमीटर झाले आहेत, 500 ला तेल परत बदलणार. मागच्या बाजूनं, क्लचच्या घरापाशी, तेल किंचित पाझरतंय. काका म्हणतात दोरीचं सील बसायला वेळ घेतं, हजारापर्यंत वाट बघू. मी रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवते आणि सकाळी डागाभोवती पेननं तारीख टाकते. आजचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा आहे, मागच्या रविवारचा वाटीएवढा होता.